सिमावचं पाणी उकळतं कशानं, आणि त्यात उतरायचं कसं?

१० ऑगस्ट २०२५ ला पश्चिम तुर्कस्तानातल्या सिंदिर्गी तालुक्यात ६.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सप्टेंबरअखेरीस त्याच पट्ट्यातल्या सिमावला ५.४ चा धक्का बसला, आणि २७ ऑक्टोबरला सिंदिर्गीत पुन्हा ६.१. हे दोन्ही डोंगराळ तालुके गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी नावाजलेले. त्यामुळे बातम्यांखाली ठरावीक प्रश्न आलेच: खाली ज्वालामुखी आहे का? झऱ्यांमुळे भूकंप होतात का? आणि गुडघेदुखीसाठी तिथे जायचं ठरवलेल्या माणसानं आता काय करायचं?

उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. सिमावचा डोंगर, तिथलं कढत पाणी आणि तिथले धक्के हे तिन्ही एकाच भेगेतून येतात. ती भेग नीट कळली की तिथल्या हौदात किती वेळ बसायचं इथपर्यंतचे बरेचसे प्रश्न सुटतात.

सिमाव आहे कुठे?

कुताह्या प्रांताच्या पश्चिम टोकाला. प्रांताच्या मुख्य शहरापासून सुमारे १४० किलोमीटर. प्राचीन काळी याच भागात सिनाओस नावाचं गाव होतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर, सपाट मैदानाच्या दक्षिण कडेला वसलंय, आणि त्याच्या पाठीशी डोंगर एकदम भिंतीसारखा उठतो. मैदानात पूर्वी सिमावचं तळं होतं. विसाव्या शतकात त्याचा निचरा करून तिथे शेती आली. इथून निघणारी सिमाव नदी उत्तरेला वाहत जाऊन मार्मारा समुद्राला मिळते.

गरम पाण्याच्या जागा तीन. शहराबाहेर मैदानात काही किलोमीटरवर एयनाल, तशीच जवळ चितग्योल, आणि थोडी लांब नाशा. सगळ्यात गरम आणि सगळ्यात गजबजलेली एयनाल. तिथे नगरपालिकेची स्नानगृहं आणि राहण्याच्या खोल्या आहेत.

ज्वालामुखी नाही, मग पाणी तापवतं कोण?

जमिनीत खाली जावं तशी उष्णता वाढते. जगात बहुतेक ठिकाणी दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. म्हणजे दोन-तीन किलोमीटर खोल गेलेलं पाणी कुठेही तापेल. अडचण तापण्याची नाही, वर येण्याची आहे. इतक्या खोलून पाणी हळूहळू झिरपत आलं तर वाटेत सगळी उष्णता खडकांना देऊन गारच बाहेर पडतं. त्याला सरळ, उभा आणि मोकळा रस्ता हवा.

सिमावला तो रस्ता भ्रंशाने दिलाय. भ्रंश म्हणजे खडकात पडलेली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकतात. पश्चिम अनातोलियाचं, म्हणजे तुर्कस्तानच्या या पश्चिम भागाचं, भूकवच उत्तर-दक्षिण ताणलं जातंय, वर्षाला सेंटीमीटरच्या हिशोबात. ताणल्यामुळे ते पातळ झालंय, म्हणून खालची उष्णता पृष्ठभागाला नेहमीपेक्षा जवळ आहे. आणि ताणल्यामुळेच ते तुटलंय: तुटलेल्या तुकड्यांपैकी काही खाली खचले, काही वर राहिले. खचलेला तुकडा म्हणजे सिमावचं मैदान, वर राहिलेला म्हणजे दक्षिणेचा डोंगर. दोघांच्या मधली भेग म्हणजे सिमाव भ्रंश. सिंदिर्गी याच भ्रंशपट्ट्यावर पश्चिमेकडे आहे.

पाण्याचा प्रवास असा. डोंगरावर पाऊस आणि बर्फ पडतं, भेगाळ खडकातून पाणी खोल उतरतं, खाली संगमरवरासारख्या जुन्या रूपांतरित खडकांत साठतं आणि तापतं, हलकं होतं, भ्रंशाच्या चिरफळ्यांतून वर सुटतं. डोंगर नसता तर पाण्याला खाली ढकलणारा दाब मिळाला नसता, आणि भेग नसती तर वर यायची वाट.

आपल्याकडेही असाच एक गैरसमज आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे इथलं पाणी दख्खनच्या लाव्हामुळे गरम आहे असं पुष्कळांना वाटतं. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कधीच थंडगार झाला. कोकणातले झरेसुद्धा खोल भेगांतून वर येणाऱ्या पाण्याचेच आहेत. फरक एवढाच की उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या घरात असतं आणि एयनालचं थेट उकळतं.

उकळतं म्हणजे किती?

एयनालच्या नैसर्गिक झऱ्यांत तापमान ९७ अंशांच्या आसपास जातं. शाळेत शिकलेल्या शंभराला तीन कमी, म्हणून ते "जवळजवळ उकळतं" असं लिहिलेलं दिसतं. पण ८०० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि तिथे पाणी ९७ अंशांनाच उकळतं. म्हणजे झरा नुसता वाफाळत नाही, खरोखर आधण आलेलं असतं.

खोदलेल्या विहिरींत तापमान १६० अंशांच्या आसपास मिळालंय, आणि तरी खाली ते पाणी द्रवच असतं. हे घरातल्या प्रेशर कुकरसारखं आहे: झाकण घट्ट, आत दाब वाढलेला, म्हणून कुकरमधलं पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापतं. जमिनीखाली झाकणाचं काम वरच्या पाण्याचं वजन करतं. १६० अंशांचं पाणी द्रव ठेवायला वर साधारण ६० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पुरतो. ते पाणी विहिरीतून वर आलं की दाब सुटतो आणि दर १०० किलोमागे सुमारे १२ किलो पाण्याची क्षणात वाफ होते. सिमावच्या मैदानात दुरून दिसणारे पांढरे लोट ते हेच.

म्हणूनच एयनालमध्ये पहिला नियम: कुंपणाच्या आत, वाफेच्या ओहोळाजवळ, फोटोसाठी पाय पुढे टाकायचा नाही. काठावरचा क्षारांचा पांढरा थर वरून दगडासारखा दिसतो, खालून पोकळ असू शकतो. ६० अंशांच्या पाण्यात पाच सेकंदांत खोल भाजतं. इथे तर त्याहून कितीतरी जास्त. अंडी उकडायला झऱ्यावर वाकणाऱ्यांचं काय करायचं, हा वेगळाच प्रश्न.

एवढ्या पाण्याचं शहर काय करतं?

घरं तापवतं. तुर्कस्तानात भूगर्भातल्या उष्णतेवर अख्ख्या वस्तीची घरं तापवण्याची सुरुवात १९८७ साली गोनेन इथे झाली. सिमावने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोच मार्ग धरला. विहिरीचं पाणी थेट घरात नेत नाहीत. ते उष्णता-विनिमयकातून जातं, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांची जोडणी, जिच्या एका बाजूने विहिरीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूने गोडं पाणी वाहतं. उष्णता पलीकडे जाते, क्षार जात नाहीत. ते गोडं पाणी मग घरांच्या रेडिएटरमध्ये फिरतं. उरलेल्या उष्णतेवर हरितगृहं चालतात. हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि काचेआड टोमॅटो असं दृश्य मैदानात दिसतं.

थेट का नेत नाहीत? पाणी वर येताना दाब सुटतो, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो, आणि तो गेला की पाण्यातला चुना टिकत नाही. नळाच्या आतल्या अंगाला दगडासारखा चिकटतो. वेळीच रोखला नाही तर विहिरीची नळीच चोंदते. म्हणून विहिरीत बारीक नळीने खोलवर रसायन सोडतात, जे चुन्याला चिकटू देत नाही.

हौदातलं पाणी गार कसं करतात, हे विचारावं

अंगाला सोसेल असं पाणी ३७ ते ४० अंशांचं. ४२ च्या वर गेलं की ते उपचार न राहता परीक्षा होते. मग ९० अंशांचं पाणी ४० वर आणायचं कसं?

सोपा मार्ग गार पाणी मिसळण्याचा. पण हिशोब करून पाहा: १५ अंशांचं नळाचं पाणी मिसळायचं तर एक भाग गरम पाण्याला दोन भाग गार लागतं. हौदात उरलेले क्षार मूळच्या एक तृतीयांश. गरम पाण्यात बसण्याचा फायदा मिळेल, पण "खनिजयुक्त" या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारण उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पाणी उघड्या टाकीत निवू देणं, किंवा विनिमयकातून गार करून घेणं. यात क्षार टिकतात. खोली घेण्याआधी "सू कारिश्तिरिलियोर मु?", म्हणजे पाणी मिसळता का, एवढं विचारावं. प्रामाणिक ठिकाणी सरळ उत्तर मिळतं.

छोट्या खासगी स्नानगृहात तर ही मिसळ तुमच्याच हातात असते. दोन नळ असतात, एक कढत, एक गार. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो: माणूस आधी गरम नळ सोडतो, हौद भरेपर्यंत वाट पाहतो आणि वरचं पाणी हाताला बरं लागलं म्हणून आत उतरतो. क्रम उलटा हवा. आधी गार पाणी वीतभर भरा, मग गरम सोडा, हाताने किंवा तांब्याने तळापासून ढवळा, कोपराने तपासा, आणि गरम नळ पूर्ण बंद करूनच उतरा. लहान मूल बरोबर असेल तर ते भरताना खोलीबाहेर. मुलांच्या कातडीला ४० अंशसुद्धा जास्त होतात.

आत गेल्यावर नेमकं काय करायचं?

कापलिजा म्हणजे गरम झऱ्यावरचं स्नानगृह. हामाम वेगळा: तिथे साधं पाणी तापवलेलं असतं आणि हौद नसला तरी चालतो. सिमावसारख्या ठिकाणी बऱ्याचदा दोन्ही एकाच छपराखाली असतात, त्यामुळे गोंधळ होतो.

सार्वजनिक हौद बायकांचे आणि पुरुषांचे वेगळे, नाहीतर वेळा वेगळ्या. ‘बाय’ ही पाटी पुरुषांची आणि ‘बायान’ बायकांची. मराठी डोळ्याला पहिली पाटी फसवते, तेव्हा जपून. नवरा-बायको किंवा कुटुंबाला एकत्र जायचं असेल तर तासावर मिळणारी खासगी खोली घ्यावी, तिला ‘ओझेल बान्यो’ किंवा ‘आइले बान्योसू’ म्हणतात.

दारात चपला काढून आतल्या सपाता घालायच्या. कपाट मिळतं, किल्ली मनगटाला बांधतात. कमरेला पेश्तेमाल गुंडाळायचा, म्हणजे पंचासारखं पातळ सुती वस्त्र. हामामच्या भागात ते सोडायचं नाही, पूर्ण उघडं होणं तिथे असभ्य समजतात. हौदात पोहण्याचा पोशाख चालतो. अनेक ठिकाणी डोक्याला टोपी सक्तीची असते आणि ती दारातच विकत मिळते. चांदीच्या अंगठ्या, पैंजण, जोडवी आधीच काढून ठेवा. अशा पाण्यात गंधक असतं आणि चांदी काळी पडते. घासून निघते, पण परगावी कोण घासत बसणार.

मग साबणाने अंग धुऊन, साबण पूर्ण काढून हौदाशी यायचं. हे शिष्टाचारापुरतं नाही. तेल आणि लोशन लावून उतरलं की पाण्यावर तवंग येतो आणि निर्जंतुकीकरणाचं काम वाढतं. खोबरेल लावून गेलेल्या आपल्या माणसांना तिथला कर्मचारी बाहेर काढतो ते यासाठीच.

उतरताना आधी पाय, मग मांड्या, मिनिटभर थांबून कंबर, मग छातीपर्यंत. एकदम गळ्यापर्यंत नाही. आणि डोकं पाण्याखाली कधीच नाही. गरम गोड्या पाण्यात एक अमीबा वाढू शकतो, जो नाकातून मेंदूपर्यंत जातो. रोग अतिशय दुर्मीळ, पण झाला तर बहुधा जीव घेणारा. पाणी तोंडात गेल्याने तो होत नाही, नाकात वर ओढलं गेल्याने होतो. बुडी मारायची हौस समुद्रावर भागवावी.

हौदानंतर ‘केसे’ घ्यायचं असेल तर हाच योग्य वेळ. केसे म्हणजे खरखरीत हातमोजा. भिजून मऊ झालेल्या कातडीचा मृत थर त्याने निघतो. पुरुषांना घासणारा तेल्लाक, बायकांना घासणारी नातिर. गरम दगडी ओट्यावर आडवं व्हायचं, बाकी ते बघतात. दुखत असेल तर ‘यावाश’ म्हणायचं, म्हणजे हळू. एक्झिमा, ताजा सनबर्न किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर केसे नको. निळे डाग आठवडाभर राहतात. शेवटी खुशीने काही पैसे हातावर ठेवायची पद्धत आहे, त्यासाठी रोख लिरा जवळ असाव्यात.

किती वेळ बसायचं, आणि चक्कर का येते?

पहिल्या दिवशी दहा मिनिटं. नंतर पंधरा, फार तर वीस. दिवसातून एकदा, सवय झाल्यावर दोनदा, मध्ये निदान चार तास.

कारण शरीरात एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि रक्तदाब उतरतो. त्याच वेळी बाहेरून पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, त्यामुळे हृदयाकडे येणारं रक्त वाढतं. आत बसेपर्यंत दोन्हींचा मेळ बसलेला असतो. उभं राहून बाहेर पडताक्षणी पाण्याचा दाब नाहीसा होतो, रक्त पायांत उतरतं, वाहिन्या मात्र अजून फुललेल्याच असतात. डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्या क्षणी, आणि खाली ओली फरशी. म्हणून उठण्याआधी काठावर दोन मिनिटं बसायचं, कठडा धरून उभं राहायचं, मग अंगावर टॉवेल घेऊन वीस मिनिटं आडवं व्हायचं. जेवल्यावर लगेच नाही, दारू घेऊन अजिबात नाही, आणि आधी-नंतर एकेक ग्लास पाणी.

कोणी जाऊच नये: हृदय नीट पंप करत नसलेले, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही असे, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेले, ताप असलेले, उघडी जखम असलेले, आणि संधिवात ऐन भरात असताना, म्हणजे सांधा लाल, गरम आणि सुजलेला असताना. गरोदर बायकांनी इतक्या गरम पाण्यात बसू नये.

मधुमेहींसाठी मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडून जाणाऱ्या पन्नाशीपुढच्या मंडळींत ते बरेच असतात. जुन्या मधुमेहात तळपायांच्या नसा बधिर होतात. पाणी ४५ अंशांचं आहे हे पायाला कळतच नाही, फोड आल्यावर डोळ्यांना कळतं. अशांनी पायाने नाही, कोपराने पाणी तपासावं, आणि बाहेर आल्यावर तळवे व बोटांच्या बेचक्या बघाव्यात. दुसरं: इन्सुलिन टोचून लगेच गरम पाण्यात उतरलं तर ते कातडीखालून झपाट्याने रक्तात जातं आणि साखर अचानक उतरते. खिशात साखरेची गोळी हवी, आणि खिसा कपाटात राहतो, म्हणून ती बरोबरच्या माणसाकडे द्यावी. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबत निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. वेदनाशामक औषधाची पट्टी कातडीवर असेल तर ती लावून गरम पाण्यात जाऊ नये. औषध एकदम जास्त शोषलं जातं.

आजार खरंच बरे होतात का?

बरे नाही, हलके होतात. गुडघ्याची झीज, जुनी कंबरदुखी, अंगभर दुखण्याचा फायब्रोमायाल्जिया यांत खनिज पाण्याच्या स्नानांनी काही आठवडे ते काही महिने दुखणं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसतं. पण या अभ्यासांची एक जन्मजात अडचण आहे. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. गरम हौदात बसलेल्या माणसाला तो हौदात नाही असं भासवता येत नाही. त्यामुळे पाण्याचा गुण किती, विश्रांतीचा किती आणि घरच्या कटकटीतून सुटल्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण.

जे निश्चित सांगता येतं ते भौतिकशास्त्राचं आहे. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार निम्मा होतो, गळ्याइतक्या पाण्यात दहावा हिस्सा उरतो. एरवी न वाकणारा गुडघा पाण्यात वाकतो, उष्णतेने स्नायू सैल होतात. म्हणून हौदात नुसतं बसण्यापेक्षा हलके व्यायाम करणाऱ्याला जास्त फायदा. तुर्कस्तानात यासाठी डॉक्टरांची स्वतंत्र शाखा आहे, आणि ‘क्यूर’ म्हणून दोन-तीन आठवड्यांचा उपचारक्रम आखून देतात. शनिवार-रविवारी एकदा डुंबून आलेल्याला अंग हलकं वाटेल; त्याला उपचार म्हणू नये. आणि "किडनी स्टोन विरघळतो, साखर जाते" असं लिहिलेली पाटी दिसली तर ती जाहिरात आहे असं समजून पुढे जावं.

पाणी प्यायचं का?

नाही. झऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणणारे लोक दिसतील, तरीही नाही. खोल खडकांतून तापून येणारं पाणी चुन्याबरोबर आर्सेनिक आणि बोरॉनही विरघळवून आणतं. सिमावच्या मैदानातल्या भूजलात आर्सेनिकचं प्रदूषण असल्याचं तुर्की भूशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. कातडीतून आर्सेनिक फारसं शोषलं जात नाही, म्हणून अंघोळीला धोका नाही, पिण्यात आहे. तुर्कस्तानात काही ठिकाणी ‘इचमेजे’ म्हणून पिण्याचे झरे असतात, तेही तपासलेले आणि मोजून प्यायचे. प्यायला सीलबंद बाटली घ्यावी.

भूकंपाचं काय?

इथे धक्के बसतात, आणि यापुढेही बसणार. २८ मार्च १९७० च्या रात्री शेजारच्या गेदिझला ७ च्या वरचा भूकंप झाला. १,०८६ माणसं गेली, आणि गाव जुन्या जागेवरून हलवून काही किलोमीटरवर नव्याने बसवावं लागलं. १९ मे २०११ ला खुद्द सिमावला ६ च्या जरा खालचा धक्का बसला.

"विहिरी खणल्या म्हणून भूकंप होतात" हा आक्षेप ऐकू येतो. विहिरींत पाणी परत दाबून सोडताना लहान हादरे होऊ शकतात, हे खरं. पण गेदिझचा भूकंप सिमाव शहर तापवायला खोल विहिरी खणल्या जाण्याच्या कितीतरी आधीचा आहे. कवच ताणलं जातंय, ते विहिरींना विचारून नाही. झऱ्यांमुळे भूकंप होतो असंही नाही. दोघांचं मूळ एक. भूकंपानंतर मात्र झऱ्यांवर परिणाम होतो: भेगा सरकल्या की कुठे पाणी वाढतं, कुठे आटतं, कुठे गढूळ येतं. म्हणून मोठ्या धक्क्यानंतर बुकिंग असलं तरी आधी फोन करून हौद चालू आहे का ते विचारावं. उलट, झऱ्याचं पाणी बघून उद्याचा भूकंप सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

प्रवाशाच्या हातात एकच मोठी गोष्ट असते: इमारत. १९९९ च्या मार्मारा भूकंपानंतर तुर्कस्तानात बांधकामाची तपासणी कडक झाली, आणि २०१९ पासून नवी भूकंप संहिता लागू आहे. जुन्या पाच मजली इमारतीतल्या स्वस्त खोलीपेक्षा अलीकडची, कमी मजल्यांची इमारत बरी. खोलीत शिरल्यावर जिना कुठे आहे ते पाहून ठेवा. बूट आणि टॉर्च पलंगाजवळ. हौदात असताना हादरलं तर ओल्या काचकाम केलेल्या दालनातून पळू नका. काठाला धरून, डोकं हाताने झाकून खाली राहा, थांबल्यावर बाहेर पडा. तातडीचा क्रमांक ११२. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन सगळ्यांसाठी तोच.

जायचं कसं आणि केव्हा?

कुताह्याजवळ झाफेर नावाचा विमानतळ आहे, पण तिथे विमानं इतकी कमी उतरतात की त्याच्या भरवशावर आखणी करू नये. इस्तंबूल किंवा इझमीरला उतरून लांब पल्ल्याच्या बसने सिमाव, नाहीतर कुताह्या किंवा उशाकला उतरून पुढे छोटी बस. इझमीरहून अर्धा दिवस धरावा, इस्तंबूलहून अख्खा. शेवटचा टप्पा घाटाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं. शहराच्या बसस्थानकाला ‘ओतोगार’ म्हणतात. तिथून एयनालला जायला मिनीबस असते, पण रात्री उशिरा पोहोचलात तर टॅक्सीच.

व्हिसाच्या बाबतीत भारतीय पासपोर्टधारकांना एक गोष्ट फार अडवते. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा चालू व्हिसा अथवा निवासपरवाना असेल तर ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो. पण तो आधाराचा व्हिसा पासपोर्टवर छापील हवा. तोच इलेक्ट्रॉनिक असेल तर चालत नाही, आणि विमानतळावर परत पाठवतात. असा व्हिसा नसेल तर केंद्रात अर्ज करून स्टिकर व्हिसा. निघण्याआधी त्या दिवशीचा नियम अधिकृत साइटवर पाहून घ्यावा.

मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर आपल्याकडे बहिष्काराची हाक आली आणि अनेक प्रवासी कंपन्यांनी सहली थांबवल्या. जायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. व्यवहारापुरतं इतकंच, की सिमाव तशाही कुठल्या ग्रुप टूरच्या यादीत नसतं. तिथे तुर्की कुटुंबंच येतात. इंग्रजी फारसं चालत नाही. फोनवर तुर्की भाषांतराची सोय उतरवून ठेवावी.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. हिवाळ्यात बर्फात वाफाळत्या पाण्यात बसण्याची मजा खरी, पण जानेवारीच्या अखेरीस शाळांना सुट्टी लागते आणि खोल्या मिळत नाहीत. ईदच्या दोन्ही सुट्ट्यांतही तेच. हवा झोंबरी असताना हौदातून खोलीपर्यंत ओल्या केसांनी चालत जाऊ नये, लोकरीची टोपी न्यावी. उन्हाळ्यात दुपारी गरम पाणी नको वाटलं तर शहराच्या मागे डोंगरावर, सुमारे १,५०० मीटरवर, ग्योल्जुकचं पठार आहे: पाइनचं रान, छोटं तळं, आणि खालच्यापेक्षा स्पष्ट गार हवा.

शाकाहाऱ्यांनी मसूरडाळीचं सूप मागवताना ‘एत सुयू वार मी?’ विचारावं, कारण ते पुष्कळदा मटणाच्या पाण्यात करतात. चीज किंवा बटाटा भरलेली ग्योझलेमे ही पातळ पोळी, टोमॅटो-अंड्याचं मेनेमेन आणि दह्यात आंबवून वाळवलेल्या पिठाचं तारहाना सूप सगळीकडे मिळतं. तारहानाबाबतही तोच प्रश्न विचारावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर डोंगरातले चेस्टनट बाजारात आलेले असतात. भाजण्याआधी प्रत्येकाला सुरीने चीर द्यावी लागते, नाहीतर आतल्या वाफेने फुटून तव्याबाहेर उडतात.